काचेपासून दोन सूत

मुलुंड (पश्चिम)
६ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. वनमालाताईस,

सुगंधाचा शि. सा. न. त्यापुढे वि. वि. लिहायचं असतं एवढं आठवतं, पण आठवीत शाळा सुटली तोवर त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. म्हणून सरळ सांगायलाच लागते.

तुझं पत्र मिळालं. मी जाड झाले का विचारतेस, तर नाही. मामी भाकरीवर भाकरी वाढते, पण मामाच्या फ्रेमच्या दुकानात दिवसभर उभं राहून ती जिरते. बोलायला लागले का असंही विचारतेस. मामा म्हणतो हिच्या तोंडात कायम चुका. ते खरं आहे. फ्रेमच्या मागे ठोकायच्या बारीक चुका ओठात धरायच्या आणि एकेक काढून ठोकायची, असंच करतात सगळे. गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम चार जास्त धरते, मग कुणी काही विचारत नाही.

आता बातमी. आपल्या दुकानात दोनच प्रकार येतात ना, देव आणि वारलेली माणसं. परवा एक बाई आल्या, मृणालिनीबाई. कॉलेजात शिकवतात, लग्न केलेलं नाही, खांद्याला कॅमेरा. दिवाळीनंतर इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. चोवीस फोटो, सगळे काळे-पांढरे. गोराईच्या कोळणी, मिठागरावरची माणसं, एका म्हातारीचे तर नुसते पायच. मामाने सगळे बघितले आणि विचारलं की यातलं वारलं कोण. बाई म्हणाल्या कुणीच नाही. मग मामाला कळेना की फ्रेम कशाला.

त्यांना सोनेरी नक्षीची पट्टी नको. बारीक काळी पट्टी हवी, आणि फोटोच्या भोवती चार-चार बोटं पांढरा पुठ्ठा, खाली जरा जास्तच. मामा म्हणाला एवढ्या पांढऱ्यात एवढासा फोटो म्हणजे ताटभर भातावर लोणच्याची एक फोड. बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापायची आणि फोटो त्या खिडकीच्या मागे बसवायचा. म्हणजे फोटो काचेला टेकत नाही, दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच, लांब राहतो. आपल्या घामट हवेत काचेला टेकलेला फोटो खराब होतो म्हणे. खिडकीची कड तिरकी कापायची असते. मामाचा हात आता थरथरतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सहा पुठ्ठ्यांची वाट लागली, सातव्याचे चारी कोपरे जुळले. बाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि झकास म्हणाल्या. दिवसभर मला बरं वाटत होतं.

तेव्हाच मला आईचा फोटो आठवला. तो पण मामाने तसाच काचेला टेकवून बसवलाय ना. बाबा होते तेव्हा तो दारावर इतका वर होता की खालून बघितलं तर काचेत नुसता अंगणातला उजेड दिसायचा. श्राद्धाला खाली काढायचे, तेवढाच मला बघायला मिळायचा. तुझ्याकडे दहा वर्षांची आई आहे, ताई. माझ्याकडे दहा दिवसांची, ती पण मला आठवत नाही. आता तो तुझ्याकडे आहे, तर मला इथे पाठव ना. मी त्याला पुठ्ठा कापते, नीट बसवते, दोन महिने इथे ठेवते आणि परत देते. फ्रेम नको पाठवू, एसटीत काच फुटेल. मागच्या चुका काढ, फोटो बाहेर घे आणि दोन वह्यांच्या पुठ्ठ्यांत घालून कुणाबरोबर तरी दे.

दशरथ भावोजींना नमस्कार. ते अजून तसेच घोरत असतील तर तू ओटीवर झोप. लोभ कमी करू नकोस, पत्र लांब लिही.

तुझी,
सुगंधा


मुलुंड
१४ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

घाईत कार्ड लिहितेय. फोटो काढला नसशील तर काढू नको.

आज बाईंनी त्यांच्या आजोबांची जुनी तसबीर आणली. फोटो काचेला चिकटलेला. मामा नखाने सोडवायला गेला तर बाईंनी त्याचा हातच धरला. ओढलं की वरचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो, असं म्हणाल्या. असा फोटो काचेसकट ठेवायचा, बाई काचेवरूनच त्याचा दुसरा फोटो काढतात. हे मला आधी माहीत नव्हतं गं. आईचा फोटो सोळा-सतरा वर्षं त्या काचेत आहे, तो चिकटलेला असणारच. तसाच ठेव, काचेसकट. मी मेमध्ये येऊन नेईन. कार्ड मिळाल्याचं लगेच कळव. लोभ आहेच.

सुगंधा


परुळे
१५ ऑक्टोबर १९८६

चि. सुगंधा हिस,

वनमालाचे अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने न घालता शेजारच्या पद्मजाच्या मुलाकडे, बाळाकडे, देते आहे. तो उद्याच्या एसटीने मुलुंडला त्याच्या काकांकडे चाललाय. बरोबर पाकीट आहे. ते उघडण्याआधी हे वाच.

दसऱ्याला घर सारवलं, तेव्हाच तसबीर खाली घेतली होती. काल जेवणं झाल्यावर अंगणात बसून मागच्या चुका काढल्या. सगळ्या गंजलेल्या. पुठ्ठा निघाला, फोटो काही निघेना. मी कड धरून हलकेच ओढला. खाली सुटत आला म्हणून जरा जोर केला, आणि टर्रकन आवाज झाला. सुगंधा, माझ्या हातात जो कागद आला त्याच्यावर आईचं तोंड नाही. गळ्यापासून अंबाड्यापर्यंत सगळं पांढरं, कागदाचा कापूस निघालाय तसं.

मी तशीच बसून राहिले. मग उठून कामाला लागले, दुसरं काय करणार. काचेवर काहीतरी काळपट चिकटलेलं होतं, मला वाटलं बुरशी आणि कागदाचा लगदा असेल. काच वाया कशाला घालवायची, म्हणून पाण्यात भिजत घातली, राख आणि नारळाचं सोडण घेऊन घासली, आणि आपल्याकडे कॅलेंडरातून कापलेला गणपती होता तो तिच्यात बसवून टाकला. संध्याकाळी हे आले, त्यांनी विचारलं आई खंय गेली. मी म्हटलं सुगंधाकडे.

एक वेगळंच झालंय. कागद हातात आला तेव्हा तो दुप्पट लांब निघाला. खालचा अर्धा भाग मागे दुमडलेला होता, तो काचेला लागलेलाच नव्हता, म्हणून तसाच चांगला आहे. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. तू बघ. मला जास्त वेळ बघवलं नाही.

तू म्हणालीस म्हणून काढला असं मी म्हणणार नाही. हात माझा होता. पण कालपासून घास उतरत नाही. दारावर मोकळी खुंटी आहे, तिच्यावर ह्यांची टोपी अडकवलीय.

तू मनाला लावून घेऊ नको, माझ्यावर रागावलीस तरी पत्र मात्र लिही.

तुझी ताई,
वनमाला


मुलुंड
२० ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. मी रागावलेली नाही. पहिल्यांदा तेच लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. काढ म्हणणारी मी, आणि काढू नको हे कार्ड उशिरा टाकणारी पण मीच.

बाळा पाकीट देऊन गेला तेव्हा मामा काच कापत होता. मी मागच्या बाजूला जाऊन उघडलं. वरचं तू लिहिलंस तसंच आहे. मी तिथे बोट ठेवून बघितलं, मऊ लागतं. मग दुमडलेला भाग उलगडला. ताई, मला आधी कळलंच नाही काय आहे. आई खुर्चीवर बसलीय. हातात फुलांच्या बांगड्या, कमरेला फुलांची माळ, आणि पोट पुढे आलेलं. शेजारी तिवईवर पितळेचा फुलदाणीसारखा तांब्या. दुमडीवर रेघ पडून थोडं उडालंय, पण बाकी सगळं स्वच्छ आहे. पोटात मीच आहे ना. तू तेव्हा दहा वर्षांची, म्हणजे मीच.

मी फोटो मामासमोर ठेवला.  त्याने काच कापायचा हिरा खाली ठेवला आणि स्टुलावर बसला. मग सांगायला लागला. माझ्या वेळच्या डोहाळजेवणाला तो गावी आला होता, तोच आईला सावंतवाडीला स्टुडिओत घेऊन गेला. ती गेली तेव्हा घरात दुसरा फोटोच नव्हता, म्हणून ह्याचीच तसबीर करायला सांगितली. त्याने फोटो फ्रेमवर धरून बघितला आणि त्याच्या मनात आलं, बाराव्याला माणसं येणार, फोटोतलं पोट बघणार आणि मग पाळण्याकडे बघणार. म्हणून त्याने पोट मागे दुमडून टाकलं आणि वरून चुका ठोकल्या. म्हणाला, तुझ्याकडे कुणी तसं बघू नये म्हणून केलं. मग उठून चहा सांगायला गेला, तो तासाभराने आला. टपरी समोरच आहे.

माझ्याकडे तसे बघणारे तरीही बघायचेच ना गं. गावात आईला खाऊन आली म्हणायचे ते मला ऐकू यायचं.

दुपारी मृणालिनीबाई आल्या. मला तोंडाने सांगायचं जमेना, म्हणून मी पावतीच्या मागे लिहून दिलं की हे माझ्या आईचं आहे, काही करता येईल का. त्यांनी वाचलं आणि काच कुठे आहे असं पहिलंच विचारलं. मी तू जे लिहिलंस तेच लिहून दिलं.  त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एवढंच म्हणाल्या की स्टुडिओत निगेटिव्ह असेल का विचारा. मामा म्हणाला स्टुडिओ जाऊन तिथे आता पिठाची गिरणी आहे.

मामी म्हणते फाटलेली तसबीर घरात ठेवायची नसते, खाडीत सोडून या. आणि डोक्यावाचूनचा फोटो तर नकोच. मी अजून हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. फोटो माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली आहे.

तुला एक विचारायचं आहे. तू नेहमी सांगायचीस की सहाव्या दिवशी आई उठून बसली, मला मांडीवर घेतलं आणि हिचं नाव सुगंधा ठेवा म्हणाली. मी ते झोपताना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, आठवतं ना. पण परवा मामाला विचारलं तर तो म्हणाला ती दहा दिवस अंथरुणातून हललीच नाही. ताई, कोण खरं. मी आता मोठी आहे, सोळा सरली. आईने मला कधी हातात धरलं होतं का, ते तू खरं सांग.

ह्या पत्राला उत्तर उशिरा लिहिलंस तरी चालेल, पण खोटं लिहू नको. लोभ आहे तो माझ्याकडूनही आहे.

तुझी,
सुगंधा


परुळे
२८ ऑक्टोबर १९८६

चि. सुगंधास,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं. हे म्हणाले किती कागद फाडतंस गो, पोस्टात बांधून पाठव सगळे.

तुझं कार्डही आलं, हे सगळं झाल्यावर. मग मला कळलं की मी काचेवरून काय घासून काढलं. राखेने, सोडणाने, खसखसून. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, फक्त तुला लिहिते. गणपतीला रोज फूल वाहते पण मान वर करत नाही. ती काच विहिरीत टाकावी असं वाटतं.

आता तू विचारलंस ते. मामा खरं सांगतो. आई उठून बसलीच नाही. तुझा जन्म झाला त्याच संध्याकाळी ताप भरला, तो उतरलाच नाही. तिला हात उचलवत नव्हता. आजी तुला तिच्या कुशीत ठेवायची, ती मान वळवून बघायची, कधी डोळे मिटलेले असायचे. धरलं नाही तिने तुला, बाय. एकदाही नाही. नाव मी ठेवलं. अंगणात सुरंगीचे गजरे वाळत टाकलेले होते, त्या वासावरून मी म्हटलं आणि सगळ्यांनी ते धरलं. तू चार वर्षांची असताना मला आई का नाही म्हणून रडायला लागलीस, तेव्हा मी ते मांडीचं रचलं. मग तू रोज तेच मागायला लागलीस. रोज सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तोंड मी घालवलं, तर जे मला आठवतं ते तुला लिहून ठेवते. तिचा खालचा एक दात जरा पुढे होता, म्हणून फोटोत तोंड घट्ट मिटून बसली होती. एरवी हसताना हात तोंडावर न्यायची. कपाळ अरुंद, केस खालीच सुरू व्हायचे. रागावली की नाकाचा शेंडा लाल. माझी वेणी घालताना केस इतके ओढायची की माझ्या भुवया वर जायच्या. फोटो काढायला मला नेलं नाही म्हणून मी त्या दिवशी जेवले नव्हते. आणखी आठवेल तसं लिहीन.

पण तो फोटो ठेवू नको. मामीचं ऐक. फाटलेला देव आणि फाटलेलं माणूस भिंतीवर लावत नाहीत. बिनतोंडाची आई समोर ठेवून तुला काय मिळणार, नुसतं जीवाला लागणार. दिवाळी झाली की मामाबरोबर खाडीवर जा, हळदकुंकू वाहा आणि सोडून दे. मी इथे त्याच दिवशी दिवा लावीन.

थंडी पडायला लागली की स्वेटर घाल. ताईवर माया राहू दे.

तुझी,
वनमाला


मुलुंड
१२ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. दिवाळीचा फराळ बाळाने आणून दिला. कडबोळी पोचेपर्यंत त्यांची भुकटी झाली होती, तीच आम्ही चहाबरोबर खाल्ली.

बाईंचं प्रदर्शन रविवारी उघडलं. आदल्या दिवशी मी आणि मामा फोटो लावायला गेलो होतो. मामा सवयीने छताकडे बघत शिडी लावायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं आणि मला भिंतीशी उभं करून माझ्या डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. चोवीसच्या चोवीस फोटोंचा मध्य त्या रेषेवर. आपल्या घरात असं काहीच नसतं ना, देव वर, गेलेले वर, माणूस मान मोडून बघणार. इथे सगळे समोरासमोर. गोराईची एक कोळीण स्वतःचा फोटो बघायला आली होती. आधी तिने हार वगैरे घातलाय का ते वाकून बघितलं, मग सोबत आलेल्या सगळ्यांना ओढत आणून दाखवलं. बाईंनी लोकांना सांगितलं की खिडक्या ह्या मुलीने कापल्यात. मी खांबामागे गेले.

आता तुझ्या पत्राचं. मी ते वाचून दोन दिवस दुकानात गेले नाही. मामीला वाटलं ताप आलाय. दाताचं वाचलं तेव्हा हसायला पण आलं, कारण आरशात बघितलं तर माझे दात सरळ आहेत. मला वाटलं होतं आईचं काहीतरी सापडेल.

तिसऱ्या दिवशी मी फोटो दुकानात नेला. खिडकी केवढी कापायची हे बघायला आम्ही काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे फोटोवर ठेवून सरकवतो. मामा म्हणाला फाटलेला भाग झाकून टाक, नुसते हात आणि फुलं राहू दे, छान दिसेल. मी तसं ठेवून बघितलं. छान दिसत होतं, पण ती कुणीही बाई वाटत होती. मग तुकडे वर सरकवले. पांढरा भाग आत आला. त्याचा आकार बरोबर तिच्या तोंडाएवढाच आहे, ताई, अंबाड्यासकट. मी तिथेच पेन्सिलने खूण केली आणि कापलं. एका फटक्यात कोपरे जुळले.

घरी आणल्यावर मामी पुन्हा खाडीचं बोलली. मी नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. मामी मामाकडे बघायला लागली, तर त्याने पेपर वर धरला होता. शेवटी ती म्हणाली, लाव बाई, पण स्वयंपाकघरात नको. माझ्या अंथरुणाच्या बाजूला लावलाय. तुझं ऐकलं नाही, त्याबद्दल माफ कर.

आणि ती काच विहिरीत टाकू नको. गणपती तिच्यातच राहू दे. तू मान वर करून बघ त्याच्याकडे, माझ्यासाठी बघ.

तू खरं लिहिलंस ते बरं झालं. मांडीचं मी आता कुणाला सांगायला लावणार नाही. पण मी रोज तो फोटो समोरून बघते, तर मला जे दिसतं ते तुला सांगते. आईचे दोन्ही हात पोटावर आहेत. डावा खालून, उजवा वरून, बोटं पसरलेली. फुलांच्या बांगड्या मनगटात रुतल्यात इतकं घट्ट. मामा म्हणतो स्टुडिओवाला तीनदा ओरडला होता, हात गुडघ्यांवर ठेवा म्हणून. सगळ्या बायका तसेच ठेवतात. तिने ऐकलंच नाही. तो वैतागला आणि तसाच काढला.

ताई, धरलं होतं गं तिने मला.

भावोजींना नमस्कार सांग. मेमध्ये येईन तेव्हा फ्रेम मांडीवर घेऊन बसेन एसटीत, फुटू देणार नाही. माझ्यावर लोभ कर, आणि आईचं जे आणखी आठवेल ते लिहीत राहा.

तुझी,
सुगंधा